परक्या पटातील झोळ : अमेरिकेतील क्विल्टकामाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

१

वस्त्रांच्या इतिहासात नक्षी, रंग आणि पोत यांचा विचार जितक्या आवडीने होतो, तितका शिवणीतील दोषांचा होत नाही. वास्तविक दोष हाही एक पुरावाच असतो. काम कोणत्या हाताने केले, कोणत्या साधनाने केले आणि कोणासाठी केले, हे निर्दोष वस्तूपेक्षा सदोष वस्तू पुष्कळदा अधिक स्पष्टपणे सांगते. प्रस्तुत निबंधात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील क्विल्टकामातल्या अशाच एका दोषाचा विचार करावयाचा आहे. एका व्यक्तीने तुकडे जोडून तयार केलेला पट दुसऱ्या व्यक्तीकडे टाके घालण्यासाठी दिला, म्हणजे त्या पटात जागोजागी जादा कापड फुगून राहिलेले आढळते. हे जादा कापड कोणी, कसे आणि कोणाच्या खर्चाने जिरवावयाचे, हा तो प्रश्न होय.

क्विल्ट म्हणजे स्थूलमानाने आपली गोधडी. तरी दोहोंतील एक भेद आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडील पुष्कळ गोधड्यांत जुनी लुगडी एकावर एक अंथरून सर्व थर एकदमच शिवले जातात. अमेरिकेतील सर्वसामान्य क्विल्टमध्ये दर्शनी पट आधी स्वतंत्रपणे तयार होतो. लहान लहान तुकडे जोडून चौक, चौक जोडून पट, आणि पटाभोवती काठ, असा त्याचा क्रम असतो. पट पुरा झाल्यावर खाली अस्तर, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा थर आणि वर पट अशी मांडणी करून तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधतात. यांपैकी पहिल्या कामास आपण जोडकाम म्हणू, आणि दुसऱ्यास टाकेकाम. पटात राहून गेलेल्या जादा कापडास 'झोळ' हा आपल्या शिवणकामातील शब्द पुरेसा आहे.

झोळ जन्मतो जोडकामात, पण त्याला तोंड द्यावे लागते टाकेकामात. दोन्ही कामे एकाच हाती होती तोवर ही घरातली बाब होती. जिने चूक केली तीच ती निस्तरीत असे. ती कामे दोन हातांत वाटली गेली, तेव्हा झोळ हा व्यवहाराचा, मजुरीचा आणि श्रेयाचा प्रश्न झाला. टाकेकामात यंत्र आल्यामुळे पट बिघडू लागले अशी एक समजूत आढळते. यंत्राने हा दोष निर्माण केला नाही. पूर्वी हाताच्या श्रमात मुरून जाणारा दोष त्याने उघड्यावर आणला, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

झोळ कसा उत्पन्न होतो हे प्रथम पाहू. अमेरिकेतील जोडकामात शिवणीसाठी पाव इंच माया सोडण्याची रीत आहे. समजा, ती माया प्रत्येक वेळी इंचाच्या बत्तिसाव्या भागाने कमी धरली गेली. शिवणीच्या दोन्ही बाजूंचे तुकडे तेवढ्याने रुंद राहतात, म्हणून प्रत्येक शिवणीमागे इंचाचा सोळावा भाग वाढतो. एका ओळीत सोळा शिवणी असल्या, तर ती ओळ एक इंचाने लांब होते. सर्वच ओळी याप्रमाणे वाढल्या, तर पट केवळ मोठा होईल; त्याला झोळ येणार नाही. शेजारची ओळ बरोबर मापाची असेल, तर मात्र एक इंच जादा कापड त्या दोन ओळींच्या सांध्यावर कोठे तरी ठेवावे लागेल. सारांश, झोळ मोठेपणातून येत नाही, विषमतेतून येतो.

दुसरे कारण कापडाच्या घडणीत आहे. उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने कापड फारसे ताणत नाही; उरेब दिशेने ते सहज ताणते. म्हणून त्रिकोणाची वा शंकरपाळ्याची उरेब कड शिवताना, किंवा तीवरून इस्त्री ओढताना, लांबत जाते. आठ टोकांची मोठी तारका हा अमेरिकेतील अतिशय लोकप्रिय नमुना या दृष्टीने कुप्रसिद्ध आहे. तिच्या आठ पाकळ्या मध्यबिंदूशी प्रत्येकी ४५ अंशांचा कोन करतात आणि त्यांची बेरीज ३६० अंश होते. प्रत्येक पाकळी एकाच अंशाने रुंद झाली, तर बेरीज ३६८ भरते. इतके कोन सपाट पृष्ठभागावर मावणेच शक्य नसते, आणि कापड लाटेसारखे वर-खाली होऊ लागते. उलट बेरीज ३६० हून कमी भरली, तर मध्यभाग शंकूसारखा वर उचलला जातो.

तिसरे कारण काठाचे. पटाच्या कडा हाताळून हाताळून लांबलेल्या असतात. मध्यातून मोजलेला पट ८४ इंच भरतो, तर कडेने मोजलेला ८६. काठाची लांब पट्टी एका टोकापासून शिवीत नेऊन दुसऱ्या टोकाशी उरलेली कापून टाकली, की ती ८६ इंचांची होऊन बसते. मधले अंग ८४ आणि काठ ८६, असा हा व्यवहार असल्यामुळे काठ लाटांसारखा फुगतो. पटाची लांबी मध्यातून मोजून दोन्ही काठ त्याच मापाचे कापणे, आणि मध्य, चतुर्थांश अशा खुणा जुळवून मगच ते जोडणे, हा यावरील साधा उपाय आहे. तो जोडकाम करणारीच्या हाती असतो. टाकेकाम करणारीच्या हाती नव्हे.

अर्धा-पाऊण इंच कापड जादा राहिले तर एवढे काय बिघडले, असे वाचकांस वाटण्याचा संभव आहे. त्यासाठी थोडी भूमिती लक्षात घ्यावी. वीस इंचांच्या अंतरात अर्धा इंच कापड जादा असेल आणि ते एकाच कमानीच्या आकाराने वर उचलले गेले, तर त्या कमानीची उंची जवळजवळ दोन इंच भरते. लांबीत जे अल्प दिसते, ते उंचीत चौपट होऊन उभे राहते. पट घडी करून ठेवला असताना न दिसलेला झोळ तो ताणून बसविल्याबरोबर दिसू लागतो, याचे कारण हेच.

३

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत टाकेकाम लाकडी चौकटीवर होत असे. दोन लांब दांड्यांना पटाच्या कडा शिवून त्या दोन आडव्या दांड्यांनी ताणून धरीत. चौकट खुर्च्यांच्या पाठींवर टेकवीत किंवा छतास टांगीत. अशी चौकट उभी केली म्हणजे घरातील एक खोली अडून राही. त्यामुळे शेजारच्या स्त्रिया एकत्र जमून एका दिवसात पट पुरा करीत. अमेरिकेतील ग्रामजीवनाच्या वर्णनांत येणारे हे मेळावे सर्वपरिचित आहेत. यातूनच एक गोष्ट घडली, ती म्हणजे जोडकाम एकीचे आणि टाकेकाम अनेकींचे, ही विभागणी. जिथे मेळावा जमत नसे तिथे मजुरीने टाके घालून देणाऱ्या स्त्रिया असत, आणि पुढे चर्चच्या स्त्रीमंडळांनी निधी जमविण्यासाठी हेच काम पत्करले.

हा व्यवसाय केवळ अमेरिकेचा नव्हता, आणि केवळ स्त्रियांचाही नव्हता. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड परगण्यात जोसेफ हेडली नावाचा धंदेवाईक कारागीर होऊन गेला. 'क्विल्टवाला ज्यो' या नावाने तो ओळखला जाई. १८२६ साली वॉर्डन गावाजवळील त्याच्या झोपडीत त्याचा खून झाला. त्याचे नाव आज टिकून आहे ते मुख्यतः त्या खुनामुळे; त्याने ज्यांचे पट पुरे केले त्यांच्याकडून ते नोंदले गेले म्हणून नव्हे. मजुरीने टाके घालणाऱ्यांची नावे इतिहासात सहसा राहत नाहीत, याचे हे एक उदाहरण होय.

अमेरिकेतील क्विल्टवरचे पहिले पुस्तक इंडियाना राज्यातील मारी वेबस्टर यांनी १९१५ साली प्रसिद्ध केले. टाकेकामाची मजुरी किती रिळे दोरा लागला यावर ठरविण्याची चाल त्यात नोंदलेली आहे. ही चाल आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. दोरा मोजला म्हणजे टाके मोजले गेले. पण झोळ जिरविण्यास लागलेला वेळ त्यात मोजला जात नाही. सपाट पटावर आणि फुगलेल्या पटावर एकच नक्षी काढली, तर दोरा जवळजवळ सारखाच लागेल. वेळ मात्र सारखा लागणार नाही. दुसरीच्या चुकीवर खर्ची पडलेले श्रम हिशेबाच्या बाहेर राहण्याची व्यवस्था अशा रीतीने मजुरीच्या मापातच झालेली होती.

हात हे श्रम कसे करी? टाकेकाम करणारीचा एक हात पटावर आणि दुसरा चौकटीखाली असतो. खालचे बोट थर किंचित वर उचलते, वरची सुई ते उचललेले कापड टाक्यात घेते, आणि दोरा ओढला की प्रत्येक टाक्यात कापड केसभर आखडते. इंचात आठ-दहा टाके, आणि ओळी एक-दोन इंचांच्या अंतराने, असे काम असले म्हणजे हे केसभर आखडणे हजारो ठिकाणी वाटले जाते, आणि अर्धा-पाऊण इंच झोळ कोठे गेला हे कळतही नाही. त्या काळी मधला थर सरकी काढलेल्या सुट्या कापसाचा असे. धुण्यात त्याचे गोळे होऊ नयेत म्हणून टाके दाट घालणे भागच असे. हे दाट टाकेही झोळाला अनुकूल पडत. शिवाय क्विल्ट पलंगावर पसरलेला असे. त्याच्या कडा खाली लोंबत आणि पहिल्या धुण्यात सर्व सुती अंग थोडे आटून सुरकुतत असे. उरलासुरला झोळ त्या सुरकुत्यांत लपून जाई. जुने क्विल्ट सपाट असतात ते जोडकाम अचूक होते म्हणूनच, असे मानणे त्यामुळे बरोबर होणार नाही.

४

एलियस हाउ यास १८४६ साली आणि आयझॅक सिंगर यास १८५१ साली शिवणयंत्राची एकस्वे मिळाली. १८५६ पासून सिंगरच्या पेढीने हप्त्यांनी यंत्रे देण्यास आरंभ केला आणि यादवी युद्धानंतर ती मध्यमवर्गीय घरांत सर्वत्र दिसू लागली. यंत्राने जोडकाम झपाट्याने ताब्यात घेतले. टाकेकाम मात्र बहुतांशी हातीच राहिले. यंत्राचे टाके दर्शनी भागावर स्पष्ट दिसतील असे घातलेले त्या काळातील क्विल्ट उपलब्ध आहेत. तरी ते अपवादच.

याचे कारण केवळ परंपराप्रेम नव्हे. ते यंत्राच्या रचनेत आहे. घरगुती यंत्रात कापडाच्या खाली दाते असतात आणि वर दाबपाय असतो. दाते खालचा थर पुढे ओढतात. दाबपाय वरचा थर मागे रोखतो. दोन सारख्या पट्ट्या एकत्र शिवल्या, तरी शेवटी वरची पट्टी थोडी लांब उरल्याचा अनुभव प्रत्येक शिवणारास असतो. हीच क्रिया तीन थरांवर झाली, म्हणजे दाबपायापुढे वरच्या पटाची एक लाट जमत जाते, आणि आडवी टीप आली की ती लाट तिच्याखाली चुणीसारखी दुमडली जाते. हाताच्या टाक्यात झोळ वाटला जातो. घरगुती यंत्रात तो पुढे ढकलला जाऊन एके ठिकाणी गोळा होतो.

आणखी एक गोष्ट घडली. यंत्रामुळे जोडकाम वेगाने होऊ लागले आणि शिवणींची संख्या वाढली. यंत्राचा वरील गुणधर्म जोडकामातही होताच, म्हणून विषमता उत्पन्न होण्याची स्थाने वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झालेल्या 'लॉग कॅबिन' नमुन्यात यावर एक उपाय सापडतो. त्यात पट्ट्या बहुधा एका साध्या कापडाच्या चौकोनावर शिवीत जातात. तळाचे कापड ताणत नसल्यामुळे वरच्या पट्ट्यांनाही ताणता येत नाही. कारागीर स्त्रियांना झोळाचे कारण ठाऊक होते आणि त्यावर त्या उगमापाशीच इलाज करीत होत्या, याचा हा पुरावा होय.

विसाव्या शतकात वृत्तपत्रे नमुने छापू लागली. 'कॅन्सस सिटी स्टार' या पत्राने १९२८ ते १९६१ या काळात क्विल्टचे नमुने प्रसिद्ध केले. एकमेकांत गुंतलेल्या वलयांचा 'डबल वेडिंग रिंग' हा नमुना याच सुमारास घरोघरी पोहोचला. त्यात वलये जोडणाऱ्या लांब शिवणी वक्र आहेत. म्हणजे उरेब कडांचा तो मेळाच म्हणावयाचा. छापील नमुना पाहून कोणीही जोडकाम करू लागले आणि अपुऱ्या मापाचे पट टाकेकाम करणाऱ्यांकडे येऊ लागले.

श्रेयाचा प्रश्न याच काळात एका घटनेने ठळक झाला. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सिअर्स, रोबक या व्यापारी पेढीने राष्ट्रीय क्विल्टस्पर्धा भरविली. तीत सुमारे २४ हजार क्विल्ट आले आणि पहिले पारितोषिक १ हजार डॉलरांचे होते. मंदीच्या त्या काळात ही रक्कम फार मोठी होती. ते पारितोषिक केंटकी राज्यातील मार्गारेट रॉजर्स केडन यांच्या नावाच्या क्विल्टला मिळाले. पुढे मेरीके वाल्डव्होगेल आणि बार्बरा ब्रॅकमन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले की, तो क्विल्ट केडन यांनी स्वतः शिवलेला नव्हता. मजुरीने काम करणाऱ्या इतर स्त्रियांनी तो केला होता. पारितोषिकाच्या पत्रकात त्या स्त्रियांना स्थान नव्हते. टाकेकाम सफाईदार झाले की ते करणारी अदृश्य होते. तिची आठवण निघते ती काम बिघडल्यावर. झोळाचा प्रश्न इतका चिवट का ठरला, हे या परिस्थितीवरून समजते.

५

१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातील क्विल्टचे प्रदर्शन भरले. अमूर्त चित्रे मांडावी तसे क्विल्ट भिंतींवर मांडलेले होते. अमेरिकेतील क्विल्टकलेच्या पुनरुज्जीवनाचा हा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम सांगण्यासारखा आहे. पलंगावरील क्विल्टच्या कडा खाली लोंबतात, त्यामुळे काठाची लाट दिसत नाही. भिंतीवर टांगलेल्या क्विल्टचा काठ मात्र नजरेसमोर येतो. सरळ कडा, काटकोनी कोपरे आणि सपाट अंग या कसोट्यांना स्पर्धांतून जे महत्त्व आले, त्यामागे क्विल्टचे हे स्थलांतर आहे. जो झोळ अंथरुणात खपत होता, तो भिंतीवर दोष ठरला.

१९७९ साली जपानमधील ओल्फा पेढीने फिरत्या पात्याचे कातणे बाजारात आणले. त्यामुळे अनेक थर एकदम आणि सरळ कापता येऊ लागले. महिनोन्महिने चालणारे जोडकाम दिवसांवर आले. हाती टाकेकामाचा वेग मात्र वाढणे शक्य नव्हते. पुरे न झालेल्या पटांचे ढीग घरोघर साचले आणि ते पुरे करून देणाऱ्यांना मागणी आली. याच मागणीतून 'लाँगआर्म' म्हणजे लांब बाहूचे यंत्र पुढे आले. टाके घालणाऱ्या यंत्रांच्या कल्पना एकोणिसाव्या शतकातही होत्या. परंतु घरी धंदा चालविणाऱ्या व्यक्तीस परवडेल आणि झेपेल असे यंत्र १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आले. मिसूरी राज्यातील वेस्ट प्लेन्स येथील केनेथ गॅमिल यांचे नाव या संदर्भात प्रमुख आहे.

या यंत्राची रचना घरगुती यंत्राच्या नेमकी उलट आहे. घरगुती यंत्रात सुई एका जागी असते आणि कापड सरकते. लाँगआर्ममध्ये कापड दहा-बारा फूट लांबीच्या चौकटीवर रुळांना गुंडाळून स्थिर ठेवलेले असते, आणि यंत्राचे डोके चाकांवर मागे-पुढे व डावी-उजवीकडे फिरते. खाली ओढणारे दाते नसतात. म्हणजे झोळ वाढविण्याचे एक मोठे कारण येथे नाहीसे झाले. पण दुसरे उपस्थित झाले. पट रुळावर गुंडाळला जात असल्यामुळे एका पट्ट्यातील झोळ जिरवला नाही तर तो पुढच्या पट्ट्यात जातो, आणि गुंडाळत गुंडाळत अखेरच्या काठाशी येऊन साचतो. शिवाय, ठरीव नक्षीच्या कागदावरून किंवा संगणकाच्या आज्ञेने यंत्र चालविले, तर ते झोळ न पाहता ठरलेल्या रेषेवरून जाते आणि चूण शिवून टाकते. यंत्र झोळ निर्माण करीत नाही, आणि त्याची दयाही करीत नाही.

यंत्राने घातलेल्या टाक्यांना कलेच्या क्षेत्रात मान्यता मिळण्यासही वेळ लागला. अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीची स्थापना १९८४ साली केंटकी राज्यातील पडूका येथे झाली. तिच्या १९८९ च्या प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॉलर्ट यांच्या यंत्राने टाके घातलेल्या क्विल्टास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. यंत्राच्या कामास तेथे हा मान प्रथमच मिळत होता आणि त्यावर बराच वादही झाला. तो वाद मुख्यतः हात श्रेष्ठ की यंत्र श्रेष्ठ, असा झाला. परक्याचा पट पुरा करून देणारीचे कौशल्य कशात असते, हा प्रश्न त्यात फारसा आला नाही.

६

ते कौशल्य कशात असते, हे झोळाच्या उपचारांवरून कळते. हे उपचार सौम्यापासून कठोरापर्यंत एका क्रमाने मांडता येतात.

पहिला उपचार मोजण्याचा. पट चौकटीवर चढविण्यापूर्वी त्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजतात, लांबीही त्याचप्रमाणे. मापांतील अंतर हाच झोळाचा आकडा होय. जादा कापड एकाच कोपऱ्यात ढकलले जाऊ नये म्हणून मध्य, मग चतुर्थांश, मग अष्टमांश अशा खुणांवर टाचण्या लावून ते सर्वत्र वाटतात. पटाची खालची कड रुळास न बांधता मोकळी ठेवण्याचीही एक रीत आहे. तसे केल्याने प्रत्येक पट्ट्यात पट हाताने सारखा करता येतो आणि झोळ पुढे साचत नाही.

दुसरा उपचार वाफेचा. सुती कापडावर पाण्याचा वा खळीचा फवारा मारून वाफेने ते किंचित आखडविता येते. उरेब कड ताणून लांबलेली असेल तर ती बऱ्याच अंशी मूळ मापावर येते. पण मापातच जादा कापलेले कापड वाफेने कमी होत नाही. मधला थर पॉलिएस्टरचा असल्यास तो उष्णतेने बिघडण्याचे भयही असते.

तिसरा उपचार मधल्या थराचा. पातळ सुती थराऐवजी फुगीर लोकरीचा थर, किंवा सुती थरावर लोकरीचा दुसरा थर घातला, म्हणजे जादा कापडाला वर जाण्यास जागा मिळते. सपाट राहू न शकणारे कापड उठावदार दिसू लागते. येथे दोष नाहीसा होत नाही. त्याचे रूपांतर शोभेत होते.

चौथा उपचार टाक्यांच्या घनतेचा. दाट टाके कापड आखडून घेतात. फुगलेल्या चौकात बारीक वळणांची दाट नक्षी घातली, तर झोळ त्यात मुरतो. परंतु एकाच चौकात दाट आणि शेजारी विरळ टाके घातले, तर दाट भाग आटून विरळ भाग फुगतो, आणि एका ठिकाणचा झोळ दुसरीकडे उपटतो. म्हणून सर्व पटाची घनता सारखी राखावी लागते. एका काठाचा दोष झाकण्यासाठी साऱ्या पटावर अधिक टाके घालावे लागतात, ते असे.

शेवटचे उपचार शस्त्रक्रियेसारखे आहेत. शिवणीलगत बारीक चूण घालून ती टाक्यांखाली दाबणे, किंवा काठ उसवून योग्य मापाने पुन्हा जोडणे. तांत्रिक दृष्ट्या हाच सर्वांत निर्दोष मार्ग होय. तथापि पट दुसऱ्याचा आहे. तो कदाचित दिवंगत आईने जोडून ठेवलेला असेल. त्यातील वाकडी शिवणदेखील मालकास प्रिय असू शकते. म्हणून संमतीवाचून उसवू नये, हा या व्यवसायातील सर्वमान्य नियम आहे.

या उपचारांकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. तत्त्वतः यांतील एकही उपचार नवीन नाही. झोळ वाटणे, दाट टाक्यांत तो मुरविणे, चूण घालून ती लपविणे, हे सर्व चौकटीवरील हात करीतच होता. नवीन आहे ते इतकेच, की आता हे काम मोजले जाते, ग्राहकास सांगितले जाते आणि त्याचा आकार स्वतंत्र लावता येतो. पट स्वीकारताना दोघींनी मिळून तो तपासणे, दोष लिहून ठेवणे, जादा कामाची मजुरी आधी ठरविणे, ही पद्धत व्यवसाय यंत्रावर आल्यावर रूढ झाली. रिळाच्या मापात जे श्रम बुडाले होते, ते वर आले.

७

याउलट परिस्थिती पाहावयाची तर आपल्या गोधडीकडे वळावे. ग्राहकाच्या घरची जुनी लुगडी घेऊन मजुरीने गोधडी शिवून देणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रातही आहेत. लुगड्याचे काठ घट्ट आणि अंग वापराने सैल झालेले असते, त्यामुळे झोळ येथेही असतोच. शिवणारी तो तळव्याने चापीत, लागेल तेथे बारीक चूण घेत धावदोऱ्याखाली घालते. परंतु येथे थर मांडणारी आणि टाके घालणारी एकच असते. चूक कोणाची हा प्रश्न उद्भवत नाही, आणि चूण ही उणीवही समजली जात नाही. दोष कशास म्हणावयाचे हे कापडावर जितके अवलंबून असते, तितकेच कामाच्या वाटणीवर अवलंबून असते, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

अमेरिकेत आज पुष्कळ प्रदर्शनांत जोडकाम करणारी आणि टाकेकाम करणारी अशी दोन्ही नावे लावण्याची पद्धत आहे, आणि दोघींनी मिळून केलेल्या कामाचा वेगळा वर्गही असतो. १९३३ च्या मानाने हे मोठेच स्थित्यंतर होय. ते घडण्यास यंत्रच सर्वस्वी कारण झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; स्त्रियांच्या श्रमांकडे पाहण्याची दृष्टीच त्या काळात बदलत होती. पण यंत्राने टाकेकाम हा नाव, दर आणि करार असलेला व्यवसाय केला, हे नाकारता येणार नाही.

यावरून संग्रहालयांतील नोंदींविषयी एक सूचना करावीशी वाटते. क्विल्टची नोंद करताना एकच लांबी व एकच रुंदी लिहिण्याची प्रथा आहे. ती सोडून तीन तीन ठिकाणची मापे घ्यावीत. कोठे चुणी आहेत, कोठे टाके अकारण दाट झाले आहेत, काठाच्या कोणत्या टोकाशी कापड साचले आहे, हे टिपावे. सफाईने केलेले जोडकाम आणि ओबडधोबड टाके, किंवा ओबडधोबड जोडकाम आणि त्यावर संयमाने घातलेले टाके, असा विसंवाद जेथे आढळेल तेथे दोन हातांचा संशय घेण्यास जागा आहे. आपल्याकडील गोधड्यांच्या संग्रहांनाही ही सूचना लागू पडते. हे काम ज्यांनी केले त्यांनी दप्तरे ठेवली नाहीत, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या निर्णयांची नोंद उरली आहे ती टाक्यांखाली दाबलेल्या त्या चुणीतच, आणि ती वाचावयाची तर प्रथम मोजपट्टी हाती घेतली पाहिजे.